हिरव्या विजेचे शेअर आणि पेन्शनचे पैसे

गेल्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या की पाणी, वारा, ऊन यातून वीज बनवणाऱ्या काही कंपन्या डिव्हिडंडपण (नफ्यातला वाटा) देतात, तर त्यावर एवढे मेसेज आले की ह्या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. आधी एक सांगून ठेवते, मी चिपळूणला लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरते, हिशेब बघते, सेबीकडे (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी असलेली सल्लागार मी नाही, म्हणून अमुक शेअर आजच घ्या असं मी कोणालाच सांगणार नाही. पण पैसा येतो कुठून आणि अडकतो कुठे हे सांगू शकते. शेअरचे भाव रोज हलतात, त्यामुळे खाली जिथे भाव धरलाय तो हिशेब कळण्यापुरता धरलाय असं समजा.

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालो. ग्रॅच्युइटीतले उरलेले आणि थोडी जागा विकली त्याचे असे ९ लाख बँकेत पडून आहेत. मुलगा मुंबईला असतो, तो म्हणतो बाबा एफडीत काय ठेवता, ग्रीन एनर्जीचे डिव्हिडंडवाले शेअर घ्या, पैसे पण येत राहतील आणि शेअर पण वाढेल. हे एफडीसारखंच असतं का? (एक वाचक, गुहागर)

गुरुजी, एफडीसारखं हे बिलकूल नाही. मुलगा चुकीचं सांगतोय असंही मी म्हणणार नाही, त्याच्या वयाला त्याचं बरोबर आहे, त्याच्यापुढे पंचवीस-तीस वर्षं कमाईची आहेत. तुमचं तसं नाही.

एफडीचं व्याज बँकेला द्यावंच लागतं, पावतीवर दर छापलेला असतो. डिव्हिडंडचं तसं काही नसतं, नफा झाला तर त्यातला किती वाटायचा हे कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं, वर्षअखेरचा जो असतो त्याला शेअरहोल्डरांच्या सभेत मंजुरी लागते, आणि एखाद्या वर्षी नाही दिला तर तुम्ही कोर्टात जाऊ शकत नाही. एवढा एक फरक डोक्यात पक्का बसला ना की पुढचं सगळं सोपं आहे.

आता आकडे बघू. पाण्यावरच्या विजेत देशातली सगळ्यात मोठी सरकारी कंपनी एनएचपीसी. तिने २०२२-२३ ला शेअरमागे १.८५ रुपये दिले, २०२३-२४ ला १.९०, आणि २०२४-२५ ला १.९१. बघा किती सारखं आहे, एकदम शिस्तीत. पण शेअर समजा ८० रुपयाला मिळाला, तर ५ लाखात ६,२५० शेअर येतात आणि त्यावर वर्षाला मिळतात साधारण ११,८७५ रुपये. तेच ५ लाख पोस्टातल्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये ८.२ टक्क्यांनी ठेवलेत तर वर्षाला ४१,००० येतात, दर तीन महिन्यांनी १०,२५० खात्यात. म्हणजे शेअर वर्षभरात जेवढं देतो साधारण तेवढं पोस्ट तीन महिन्यांत देतं. "डिव्हिडंडवाला शेअर" हा शब्द ऐकून लोकांना वाटतं की दर महिन्याचा किराणा त्याच्यावर निघेल, तो नाही निघत.

मग लोक घेतात कशाला? कारण पोस्टातले ५ लाख पाच वर्षांनी ५ लाखच असतात आणि शेअर वाढू शकतो. पण ह्याच कंपनीचा शेअर २००९ साली ३६ रुपयांना पब्लिकला दिला होता आणि त्यानंतरची दहाहून जास्त वर्षं बहुतेक काळ तो त्या भावाच्या खालीच होता. दहा वर्षं, गुरुजी! ज्याने चाळिशीत घेतला त्याने वाट बघितली आणि त्याचं नंतर चांगलं झालं, ज्याने अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायरमेंटचे पैसे घातले त्याचं काय झालं असेल विचार करा.

तुम्हाला वाटत असेल सरकारी कंपनी दर वर्षी इतकं सारखं कसं काय देते. त्याची दोन कारणं. एक म्हणजे सरकारचाच नियम आहे, केंद्राच्या कंपन्यांनी नफ्याच्या ३० टक्के किंवा नेटवर्थच्या (कंपनीची मालमत्ता वजा देणी) ठराविक टक्के, जे जास्त असेल तेवढा डिव्हिडंड द्यायचा, नेटवर्थचं हे प्रमाण आधी ५ टक्के होतं ते नोव्हेंबर २०२४ पासून ४ टक्के केलं. सरकार स्वतःच मोठा शेअरहोल्डर, त्यालाही पैसे हवे असतात, त्याच्या पंगतीत आपणही बसतो. दुसरं कारण विजेच्या दरात आहे. तुम्ही पोफळीला गेला असाल, कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने येतं, टर्बाईन फिरवतं आणि वाशिष्ठीला मिळतं. पाणी फुकट, कोळसा आणायला नको, एकदा बोगदा खणला, मशीन बसवलं, कर्ज फिटलं की नंतर खर्च तो काय, देखभाल आणि माणसांचे पगार. असल्या प्रकल्पांच्या दरात नियामक आयोग कंपनीच्या स्वतःच्या भांडवलावरचा परतावाच धरून देतो, केंद्राच्या जुन्या धरणवाल्या प्रकल्पांना तो १६.५ टक्के आहे. आणि वर्षाचा जो आकार (म्हणजे विजेचं शुल्क) ठरतो त्यातला अर्धा मशीन तयार ठेवल्याबद्दल मिळतो आणि अर्धा वीज दिल्यावर, म्हणजे पाऊस थोडा कमी झाला तरी कंपनी एकदम उघडी पडत नाही. (पोफळीचे शेअर मिळतात का असं बरेच जण विचारतात, नाही मिळत, कोयना राज्य सरकारची आहे आणि ती चालवणारी महानिर्मिती शेअर बाजारात नाहीये.)

आता धोका. ४ ऑक्टोबर २०२३ ला सिक्कीममध्ये साऊथ ल्होनाक नावाचा हिमनदीचा तलाव फुटला, रात्रीत तीस्तेला पूर आला, चुंगथांगचं धरण वाहून गेलं आणि त्याच्या खालच्या अंगाला असलेलं एनएचपीसीचं तीस्ता-५ हे ५१० मेगावॉटचं वीजघर बंद पडलं. मी ती बातमी टीव्हीवर बघत होते आणि मला आमची २२ जुलै २०२१ ची पहाट आठवली, बाजारपेठेत पाणी चढत होतं आणि मी ऑफिसातल्या फायली टेबलावर, मग कपाटावर, मग माळ्यावर टाकत होते. पाणी फुकट असतं हे खरं पण ते कधी यायचं आणि किती यायचं हे आपल्या हातात नसतं. आणि प्रकल्प रखडतात ते वेगळंच. सुबनसिरी नावाचा २,००० मेगावॉटचा प्रकल्प, काम सुरू झालं २००५ ला, आसामात आंदोलन झालं, २०११ च्या डिसेंबरला काम थांबलं ते परत सुरू व्हायला २०१९ उजाडलं, आणि खर्च सहा-साडेसहा हजार कोटींवरून वीस हजार कोटींच्या वर गेला. तेवढी वर्षं ते पैसे नुसते अडकून. त्यातून डिव्हिडंड कसा येणार?

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र वीज घेणारा कोण आहे ही, आणि ती गुहागरच्या माणसाला मी काय सांगायची. अंजनवेलचा दाभोळ प्रकल्प तुमच्या डोळ्यासमोर उभा राहिला. करार होता, सह्या होत्या, सरकारची हमी होती, आणि २००१ ला वीज मंडळाने वीज घेणं बंद केलं कारण तो दरच परवडत नव्हता, मग चिमण्या थंड पडल्या आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरला तो उभारणारी एन्रॉन कंपनी तिकडे अमेरिकेत बुडाली. करार कागदावर कितीही पक्का असला तरी घेणाऱ्याला तो दर झेपला पाहिजे. आणि हे काही जुनंच झालं असं समजू नका, २०१९ ला आंध्र सरकारने वाऱ्याच्या आणि सोलरच्या विजेचे झालेले करार महाग पडतात म्हणून परत उकरले, कंपन्या कोर्टात गेल्या, आणि हायकोर्टाचा निकाल कंपन्यांच्या बाजूने यायला मार्च २०२२ उजाडला. तोवर पैसे अडकलेलेच. वीज वितरण कंपन्या वीज घ्यायच्या आणि वर्ष वर्ष बिलच द्यायच्या नाहीत अशी परिस्थिती होती, २०२२ च्या जूनमध्ये केंद्राने लेट पेमेंटचे नियम कडक केले, जुनी थकबाकी जास्तीत जास्त ४८ हप्त्यांत फेडा म्हटलं, तेव्हापासून बरीच सुधारणा आहे. म्हणून कुठल्याही वीज कंपनीचा वार्षिक अहवाल हातात आला की मी आधी येणी बघते, नफा नंतर. कागदावर नफा दाखवलाय पण ग्राहकाकडून रक्कम आलीच नाही, असं असेल तर डिव्हिडंड उसन्या पैशातून दिला जातो, आणि तो फार दिवस चालत नाही.

तुमच्या जागी मी असते तर ९ मधले बहुतेक पैसे सीनियर सिटिझन स्कीम आणि चांगल्या बँकेची एफडी यात टाकले असते, सहा महिन्यांचा घरखर्च आणि दवाखान्यासाठी थोडे साध्या खात्यात, आणि मुलाचं मन राखायचं असेल तर फार तर लाखभर शेअरमध्ये, तेही एका दमात न घालता पाच-सहा महिन्यांत थोडे थोडे, एकाच कंपनीत नाही. त्याचा जो डिव्हिडंड येईल तो नातवंडांच्या खाऊला. घरखर्च त्याच्यावर टाकायचा नाही.

प्रश्न : आमच्या देवगडात किल्ल्याजवळ पवनचक्क्या लहानपणापासून बघतोय म्हणून वाऱ्याच्या विजेचं आकर्षण. बागेचे पैसे आले तेव्हा दोन मोठ्या ग्रीन कंपन्यांचे शेअर घेतले, एक टर्बाईनवाली आणि एक सोलरवाली. दोन वर्षं झाली, एक रुपया डिव्हिडंड नाही. आता काय करूचा? (एक बागायतदार, देवगड)

भाऊ, तुम्ही हापूसवाले, तुम्हाला हे एका मिनिटात कळेल. नवीन कलम लावलं की पहिली चार-पाच वर्षं तुम्ही त्याच्याकडे आंबा मागता का? उलट मोहर आला तरी खुडून टाकता, झाड वाढू दे म्हणून. खत, पाणी, कुंपण, राखण, सगळे पैसे तुमच्या खिशातून जातात. सोलरवाल्या मोठ्या कंपन्यांचं आत्ता तेच चाललंय, दर वर्षी हजारो एकरांवर पॅनल टाकतायत, एक प्रकल्प पूर्ण झाला की त्याच्यावर कर्ज घेऊन दुसरा. एनटीपीसी ग्रीन २०२४ च्या नोव्हेंबरात १०८ रुपयांना बाजारात आली, १०,००० कोटी उभे केले आणि त्यातले बहुतांश कर्ज फेडायला होते. अदानी ग्रीनने आजवर डिव्हिडंड दिलेला नाही. ह्या कंपन्या वाईट आहेत असा त्याचा अर्थ नाही, त्यांची लागवडच चालू आहे. ज्याला दर वर्षी पेटी घरी यायला हवी त्याने जुनी बाग घ्यावी, म्हणजे ज्यांची बांधणी झालीय, कर्ज बरंच फिटलंय आणि बांधलेल्या करारावर वीज जातेय अशा कंपन्या. आणि जुनी बागही वर्षाआड धरते हे तुम्हाला मी सांगायला नको.

टर्बाईनवाल्या कंपनीचं अजून वेगळं आहे. ती वीज विकत नाही, पवनचक्की बनवून विकते. ऑर्डर आली तर दिवाळी, नाही आली तर कारखाना रिकामा. सुझलॉन २००५ ला ५१० रुपयांना पब्लिकला आली तेव्हा सगळे त्याच्या मागे होते, नंतर शेअरचे तुकडे झाले (एका शेअरचे अनेक छोटे शेअर केले), परदेशातली कंपनी कर्ज काढून घेतली, मंदी आली, कर्ज डोईजड झालं आणि २०२० च्या मार्चमध्ये तो शेअर २ रुपयांच्याही खाली गेला होता. तिथून ती वर आली, कर्ज फेडलं, हे कौतुकाचंच आहे, पण मधली पंधरा वर्षं ज्याने धरून ठेवले त्याला विचारा. वीज विकणारी कंपनी आणि वीज बनवायचं मशीन विकणारी कंपनी, ह्या दोघींना एकाच टोपलीत टाकू नका.

आणि सोलरमध्ये दर सारखा पडत आलाय हे पण लक्षात ठेवा. २०१० च्या आसपास सोलरची वीज युनिटला दहा-बारा रुपये होती, २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानात भडल्याच्या लिलावात २.४४ ला आली, २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात १.९९. ग्राहक म्हणून आपल्याला बरं, पण त्या दरात पंचवीस वर्षं वीज द्यायचं कबूल केलेल्या कंपनीला पॅनल महाग झाले, व्याजाचा दर चढला की मार्जिन उरत नाही. बोली कोणी किती खाली नेली ते बघत जा, सगळ्यात खालची बोली लावणारी कंपनी पेपरात पहिल्या पानावर येते पण शेअरहोल्डरला तिथे काही मिळेलच असं नसतं.

वाऱ्याचं अजून एक, आपल्याकडे वारा मृगानंतर जोर धरतो, देशातली वाऱ्याची निम्म्याहून जास्त वीज पावसाळ्याच्या त्या चार महिन्यांत तयार होते, त्यामुळे ऑक्टोबर-डिसेंबरचे रिझल्ट बघून घाबरून विकायचं नाही आणि जुलै-सप्टेंबरचे बघून हुरळून घ्यायचं नाही, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून बघायचं. तुमच्याकडे आहेत ते विकायचे की ठेवायचे हे तुमच्या गरजेवर आहे. पुढच्या हंगामाची फवारणी आणि पेट्यांचे पैसे त्यातून काढायचे असतील तर ते शेअरमध्ये नकोतच.

प्रश्न : टाटा पॉवरचं भिऱ्याचं धरण आमच्यापासून जवळ, त्या पाण्यावरच कोलाडला राफ्टिंग चालतं. हा शेअर "ग्रीन" धरायचा का? (एक वाचक, रोहा)

छान विचारलंत. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, मग भिवपुरी, मग भिरा, आपल्या रायगडात शंभर वर्षांपूर्वी ह्या डोंगरातून वीज निघाली आणि तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या, हे वाचलं की मला अजून भारी वाटतं. भिऱ्याला ३०० मेगावॉट आहेत, त्यातले १५० पंप्ड स्टोरेजचे, म्हणजे वीज स्वस्त असते तेव्हा पाणी वर ओढायचं आणि महाग असते तेव्हा खाली सोडायचं. पण शेअर घेताना तुम्ही भिरा घेत नाही, अख्खी कंपनी घेता, तिच्यात मुंद्राचं कोळशावरचं वीजघर आहे, ट्रॉम्बेचं वीजघर आहे, दिल्ली-ओडिशाची वितरण व्यवस्था आहे, सोलर पॅनलचा कारखाना आहे. डिव्हिडंड देते, २०२३-२४ चा शेअरमागे २ रुपये आणि २०२४-२५ चा २.२५, पण शेअर जर ४०० च्या आसपास धरला तर तो अर्ध्या टक्क्याच्या थोडाच वर जातो. डिव्हिडंडसाठी घ्यायचा हा शेअर नाही.

प्रश्न : इनव्हिट म्हणून काहीतरी आहे त्यात १०० वर १२ मिळतात म्हणे, म्हणजे १२ टक्के! खरं आहे का ताई? (एक वाचक भगिनी, अलिबाग)

मिळतात हे खरं, पण १२ टक्के व्याज नाही हो ते. नीट बघा. वीज वाहून नेणाऱ्या सरकारी पॉवरग्रिड कंपनीने २०२१ ला आपल्या काही ट्रान्समिशन लाइन एका ट्रस्टमध्ये टाकल्या (असा ट्रस्ट म्हणजेच इनव्हिट) आणि त्याचं युनिट, म्हणजे त्यातला एक हिस्सा, १०० रुपयांना लोकांना दिलं. ह्या लाइनचे करार ३५ वर्षांचे, वीज कुठलीही जाऊ दे, सोलरची जाऊ दे नाहीतर कोळशाची, तारेचं भाडं ठरलेलं. आणि हातात येणाऱ्या रकमेतले ९० टक्के वाटलेच पाहिजेत असा सेबीचा नियम. म्हणून दर तीन महिन्यांनी ३ रुपये, वर्षाला १२, असं येत राहिलं.

पण येणाऱ्या १२ रुपयांचे तुकडे असतात, थोडं व्याज, थोडा डिव्हिडंड, आणि थोडं तुमचंच भांडवल परत. हा तिसरा तुकडा म्हणजे मिळकत नव्हे, तुमच्याच डब्यातले तांदूळ तुम्हाला वाढले. युनिटचा बाजारभाव नंतर १०० च्या खाली आला तो उगाच नाही. दर तिमाहीला जो कागद येतो त्यात हे तुकडे वेगवेगळे छापलेले असतात, तो फेकू नका, माझ्याकडे रिटर्न भरायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो फेकलेला असतो आणि मग बँकेच्या पासबुकातली अख्खी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली जाते किंवा काहीच दाखवलं जात नाही. व्याज आणि डिव्हिडंडच्या तुकड्यांचा कर वेगळा बघायचा असतो आणि भांडवल परतीने तुमची खरेदी किंमत कमी होते, विकताना ते लागतं.

तरी मला ही गोष्ट आवडते. ज्याला शेअरची धडधड नको पण पोस्टाच्या पुढे थोडं जायचंय त्याने थोडे पैसे इथे ठेवायला हरकत नाही, फक्त १२ मधले ३-४ रुपये परत कुठेतरी गुंतवायचे, सगळे खर्च करायचे नाहीत.

प्रश्न : डिव्हिडंडच्या आदल्या दिवशी शेअर घ्यायचा, डिव्हिडंड मिळवायचा आणि दुसऱ्या दिवशी विकायचा, असं केलं तर? (एक विद्यार्थी, रत्नागिरी)

बाळा, ही युक्ती सगळ्यांना सुचते. एक्स-डेटला (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही) बाजार उघडतो तेव्हा शेअरचा भाव साधारण तेवढ्याच रकमेने खाली उघडतो. म्हणजे ह्या खिशातून त्या खिशात, आणि वरून डिव्हिडंडवर तुझ्या स्लॅबने कर, ब्रोकरेज, आणि इतर चार्जेस. तोटाच.

प्रश्न : ह्या वर्षी डिव्हिडंड कमी आला, कंपनीला विचारलं तर म्हणाले टीडीएस कापला. (एक वाचक, मालवण)

एका कंपनीकडून वर्षाला १०,००० च्या वर डिव्हिडंड गेला की १० टक्के कापतात, २०२५-२६ पासून ही मर्यादा १०,००० केली, आधी ५,००० होती. एकूण उत्पन्नावर कर बसतच नसेल तर तसं सांगणारा फॉर्म (२०२५-२६ पर्यंत साठीच्या आतल्यांना १५-जी, साठीच्या पुढच्यांना १५-एच) वेळेत भरून दिला की कापत नाहीत. कापलेला असेल तर रिटर्न भरून परत मिळतो. पॅन आणि बँक खातं जोडलेलं असू द्या, पॅन नसलं की २० टक्के जातात.

प्रश्न : वडील वारले. त्यांच्या ट्रंकेत एका जुन्या वीज कंपनीचे कागदी शेअर सापडले, पुरात भिजलेले, चिकटलेले. काही डिव्हिडंड वॉरंट पण आहेत, न वटवलेले. हे आता रद्दीच का? (एक वाचक, चिपळूण)

रद्दीत अजिबात टाकू नका! मी हे एकदा डोळ्यांनी बघितलंय. पूर ओसरल्यावर आमच्याच आळीतले एकजण असंच एक बंडल घेऊन आले होते, चिखलाचा वास येत होता, कागद एकावर एक चिकटून पुठ्ठा झालेला. आम्ही ते पंख्याखाली चार दिवस वर्तमानपत्रात वाळवले, मग पातळ सुरी घालून एक एक पान सोडवलं, दोन सर्टिफिकेटवर फोलिओ नंबर (कंपनीकडचा शेअरहोल्डरचा खाते क्रमांक) वाचता आला आणि तेवढाच पुरला. फोलिओ नंबर असला की पुढचं सगळं निघतं.

कंपनीच्या वेबसाइटवर रजिस्ट्रारचं (शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं) नाव असतं, त्यांना फोलिओ नंबर, वडिलांचं नाव आणि मृत्यूचा दाखला देऊन लिहा की ह्या खात्यात किती शेअर आहेत, बोनस वगैरे मिळून किती झाले, आणि किती डिव्हिडंड थकलाय. मग वारस म्हणून नाव लावायचा आयएसआर-५ फॉर्म, केवायसीचा आयएसआर-१, खराब झालेल्या सर्टिफिकेटसाठी आयएसआर-४. हल्ली नवीन कागदी सर्टिफिकेट देतच नाहीत, शेअर डिमॅट खात्यातच घ्यावे लागतात, म्हणून डिमॅट आधी उघडून ठेवा. सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नसेल तर ती रक्कम आणि शेअरसुद्धा केंद्राच्या आयईपीएफ फंडात गेलेले असणार, ते पण परत मिळतात, आयईपीएफ-५ फॉर्म भरायचा, वेळ लागतो पण मिळतात. एप्रिल २०२४ पासून केवायसी नसलेल्या कागदी शेअरांचा डिव्हिडंड रोखूनच ठेवतात, त्यामुळे जेवढा उशीर तेवढं साचत जाणार. आणि "आम्ही सोडवून देतो, निम्मे आमचे" म्हणत फोन करणारे लोक असतात, त्यांना एक सही देऊ नका. रांगेत उभं राहायची तयारी असेल तर हे काम घरचं माणूस करू शकतं, अडलं तर शनिवारी ऑफिसला या, फॉर्म मी भरून देते.

प्रश्न : २ लाख आहेत. ग्रीन एनर्जीचे शेअर घेऊ की घरावर सोलर बसवू? (एक वाचक भगिनी, श्रीवर्धन)

ताई, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण डिव्हिडंडच पाहिजे असेल तर छतासारखा देणारा शेअर नाही, फक्त एक अट आहे, घरात माणसं राहती पाहिजेत.

केंद्राची २०२४ ची सूर्यघर योजना आहे त्यात पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तीन किलोवॉट किंवा त्याच्या वर गेलात तर एकूण ७८,००० सबसिडी खात्यात येते. तीन किलोवॉटला पावणेदोन-दोन लाख खर्च धरा, सबसिडी जाऊन लाख-सव्वा लाख तुमचे. उन्हाच्या महिन्यात साधारण ३५० युनिटच्या आसपास निघतात. पावसाळ्यात आपल्याकडे आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा निम्म्याच्याही खाली येतं, हे विकणारे सांगत नाहीत. महिन्याला २५०-३०० युनिट जाळणाऱ्या घराला, जिथे १०० युनिटच्या वरचा महाग दर लागतो, तिथे पाच-सहा वर्षांत पैसे निघतात आणि वाचलेल्या बिलावर कोणी टॅक्स लावत नाही. शेअरच्या दोन-अडीच टक्क्यांशी ह्याची तुलनाच होत नाही.

पण घर जर चाकरमान्यांचं असेल, गणपतीला आठ दिवस आणि शिमग्याला चार दिवस उघडणारं, तर नको. जास्तीचे युनिट जमा होतात पण वर्षअखेरीला उरलेल्यांचे पैसे फार थोड्या दराने मिळतात. आणि ज्यांचं बिलच ८०-९० युनिटचं आहे त्यांचेही पैसे निघायला फार वर्षं लागतील, त्यांनी पोस्टच बघावं.

श्रीवर्धनला दोन गोष्टी मुद्दाम बघा. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुम्ही भोगलंय, पत्रे कसे उडाले ते मी सांगायला नको, तेव्हा स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड आणि स्लॅबमध्ये धरलेलं पाहिजे, नुसतं वजन ठेवून उभं केलेलं नको, आणि खाऱ्या हवेने नटबोल्ट खातात म्हणून ते स्टेनलेस स्टीलचे मागून घ्या, जास्तीचे पैसे पडले तरी. दुसरं, लाइट गेली की साधं ऑनग्रिड (विजेच्या लाइनला जोडलेलं) सोलरपण बंद पडतं, लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. वादळानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, तसं परत झालं तर छतावर पॅनल आणि घरात अंधार असं होईल. त्यासाठी बॅटरीवालं हायब्रिड लागतं, ते महाग आहे, पण घरात म्हातारी माणसं किंवा विहिरीवर पंप असेल तर त्याचा विचार करा.

गेल्या बारा महिन्यांची बिलं काढून प्रत्येकाचे युनिट एका कागदावर लिहा आणि मला पाठवा, किती किलोवॉट लागेल आणि शेअरसाठी किती उरतील ते मी आकडे मांडून पुढच्या अंकात लिहिते.